भिंगरी काही पडेना

पलंग रंगाऱ्याने स्वतः केला, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आता रंगाऱ्याने भिंती रंगवाव्यात, त्याला कुणी सांगितली होती सुतारकी? पण लेकीचा पलंग विकत आणायचा म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. ‘दुकानातले पलंग दोन दिवसांत कुरकुरायला लागतात,’ म्हणत त्याने साईटवरच्या उरलेल्या फळ्या मागून आणल्या आणि गॅलरीत आठवडाभर ठोकाठोक केली. पलंग झाला आणि चांगला झाला, खोटं कशाला बोला. बुटका, दणकट, कडा अशा घासलेल्या की हात फिरवत बसावं. इथे थांबला असता तर भागलं असतं. पण थांबेल तो रंगारी कसला! त्याच्या मनात आलं, पोर झोपेत लोळली तर? लावला एका बाजूला कठडा. मग मनात आलं, दुसऱ्या बाजूला लोळली तर? तिकडेही लावला. मग पायथ्याला. मग सगळेच कठडे जरा बुटके वाटायला लागले म्हणून वरून आणखी एक पट्टी.

बायको शिवणाच्या कारखान्यातून घरी आली, पर्स खांद्याला तशीच ठेवून तिने पलंगाभोवती एक फेरी मारली.

“हे काय आहे?”

“पलंग.”

“आणि ते?” तिने कोपऱ्यातल्या उंच कठड्यांच्या खाटेकडे बोट दाखवलं. भिंगरी जन्मापासून त्या खाटेत झोपायची आणि घरात सगळे त्या खाटेला पिंजराच म्हणत.

“तो पिंजरा.”

“मग दोघांत फरक काय? एक पिंजरा माझ्या बहिणीला द्यायचा आणि दुसऱ्यात पोरीला कोंडायचं, तर पहिल्याने काय घोडं मारलं होतं?”

मेहुणीचे दिवस भरत आले होते. उद्या सकाळी साडू टेम्पो घेऊन येणार आणि पिंजरा नेणार, हे ठरून गेलेलं होतं. म्हणजे भिंगरीला आज या नव्या पलंगावर झोपणं भाग होतं. बायकोने पेचकस त्याच्या हातात दिला आणि भिंतीच्या बाजूचा सोडून बाकीचे कठडे उतरवायला सांगितलं. त्याने पुढचा एकच काढला. पायथ्याचा काही त्याच्याने निघेना. कमरेत वाकून तो उगाचच स्क्रू चाचपत बसला आणि बायकोने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तसा हा माणूस भित्रा नव्हता हो! मिसरूड फुटायच्या आधीपासून तो शिडीवर. मोठमोठ्या इमारती बाहेरून रंगवल्या, परांचीवर बसून डबे खाल्ले, पण कधी साधं खरचटलंही नाही. आणि एक दिवस घरच्याच स्वयंपाकघरात, बल्ब बदलायला म्हणून स्टुलावर काय चढला आणि धाडकन खाली काय आला! मनगट मोडलं. साईटवर हसून हसून लोकांची पोटं दुखली. ‘समुद्र पोहून आला आणि बादलीत बुडाला,’ असं मुकादम येईल त्याला सांगायचा. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड नीट बसलं. पण हाडाबरोबर मनात भीतीही बसली, ती काही केल्या उठेना. मनगट अजून दुखतंय, अशी थाप मारून तो सध्या तळमजल्याच्याच भिंती रंगवत होता.

आणि स्टूल घसरलं तेव्हा भिंगरी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लागल्यासारखी दिवसभर फिरायची, सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून आबांच्या पाठीवर, म्हणून ते नाव पडलं. पण त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या तोंडात एकच शब्द आला. ती खुर्चीला हात लावते न लावते तोच ‘पडशील!’ जिना दिसला की ‘पडशील!’ सपाट जमिनीवर धावली तरी ‘अगं, पडू नकोस!’ हळूहळू पोर जिना बसल्या बसल्या सरकत उतरायला लागली. बाहुलीलासुद्धा बोट नाचवून दम द्यायची. शेजारीपाजारी म्हणायचे, “किती शहाणी झाली हो तुमची मुलगी!” रंगाऱ्याची मान ताठ व्हायची.

बायको म्हणायची, “शहाणी नाही, भेदरट झालीय.”

“होऊ दे. हातपाय तर शाबूत आहेत.”

तर अशी ही भिंगरी त्या संध्याकाळी अंघोळ करून, पावडरचा वास सोडत नव्या पलंगावर बसली. चादरीवर मासे होते. एकेका माशाला बोट लावून तिने त्याची विचारपूस केली. उशी कुरवाळली. सगळं कसं छान चाललं होतं. मग आई म्हणाली, “चल राणी, पड आता.”

“नाही.”

“पड ना गं. बघ, उशी किती मऊ आहे.”

“नाही पडणार!”

गोडीगुलाबी झाली. गोष्ट सांगून झाली. दिवा मालवून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. आईने खांद्याला धरून हलकेच आडवं केलं, तर पोर तटकन उठून बसली आणि भिंतीकडचा कठडा तिने दोन्ही हातांनी आवळून धरला. कारखान्यात दिवसभर मशीन चालवून आलेली बाई, तिचाही पारा किती वेळ खाली राहणार?

“गप पड म्हटलं ना एकदा!”

झालं. भिंगरीने भोकाड पसरलं. “मी शहाणी आहे! मी नाही पडत!”

दारात उभ्या असलेल्या रंगाऱ्याने जीभ आवरायला हवी होती, पण नाही आवरली. “मी म्हणत नव्हतो? तिला पिंजऱ्याचीच सवय आहे. साडूला फोन करतो, म्हणावं पुढच्या महिन्यात ये.” वरवर तो वैतागल्यासारखा बोलला, पण आतून त्याला हायसं वाटलं होतं.

“फोनला हात लावून तर बघा,” बायको म्हणाली.

एवढा गलका ऐकून बाहेरच्या खोलीतून आबा आले. रंगाऱ्याचे वडील. चष्मा काढलेला, एका हाताने जांभई झाकत. “काय चाललंय हे? अगं चिमणे, रडतेस कशाला? बघ, मी म्हातारासुद्धा आता पडायला निघालो. तूही पड.”

भिंगरीचं रडणं एकदम थांबलं. उलटी होऊन, पोटावर सरकत ती पलंगावरून उतरली, धावत गेली आणि तिने आबांच्या पायांना मिठी मारली.

“आबा, नको! पडू नको! हात मोडेल! बाबासारखा!”

बायकोने रंगाऱ्याकडे पाहिलं, रंगाऱ्याने आबांकडे. मग आबाच खो खो हसायला लागले. “अरे देवा! ही पलंगाला नाही रे घाबरली, ही आपल्याला घाबरलीय! दिवसभर पडू नको, पडू नको, आणि रात्र झाली की सगळे मिळून पड, पड! लेकराने ऐकावं तरी कुणाचं?”

खरंच की! आजवर ती खांद्यावर झोपायची आणि झोपलेलीच पिंजऱ्यात ठेवली जायची. ‘पड’ असं तिला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. बायको कपाळावर हात मारून हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लेकीचा मुका घेतला आणि म्हणाली, “चुकलं गं बाई माझं. पडायचं नाही, फक्त आडवं व्हायचं.”

रंगारी मात्र हसला नाही. ‘बाबासारखा’ हा शब्द त्याच्या काळजात रुतला होता. शब्दाचा घोटाळा काय, ‘आडवी हो’ म्हटलं की मिटतो. पण जिना सरकत उतरणारी ही पोर, कठडा आवळणाऱ्या त्या चिमुकल्या मुठी, हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“माझी भीती हिच्यात गेली गं,” तो बायकोला हळूच म्हणाला.

“नुकतीच गेलीय. अजून मुरली नाही,” बायको म्हणाली. “तेवढ्यात काढा बाहेर.”

त्याने पेचकस उचलला. पायथ्याचा कठडा काढला, भिंतीकडचाही काढला. स्वतःच्या पलंगावरची गादी ओढत आणली आणि नव्या पलंगाशेजारी जमिनीवर पसरली. मग पलंगाच्या कडेवर बसला. पलंग गुडघ्याएवढा उंच, तरी गड्याने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली! हसू नका, खरंच धरली.

“भिंगरे, बघ. बाबा पडतो.”

“नको!”

पण त्याने अंग सोडून दिलं होतं. धप्प! गादीवर उताणा पडून तो छताकडे बघत राहिला. भिंगरी आबांच्या पायामागून पुढे आली, वाकली आणि तिने त्याचं मनगट नीट तपासलं.

“मोडला?”

“नाही मोडला.”

तिने थोडा विचार केला. “परत पड.”

तो परत पडला. कुशीवर पडला, पालथा पडला, एकदा तर ‘अगं आई गं’ म्हणून नाटक करत पडला. आबा म्हणाले, “माझ्याकडे बघू नका, मी आपला उभाच बरा.” मग भिंगरी पलंगावर चढून कडेशी बसली. बापाचं बोट घट्ट धरलं. रंगाऱ्याच्या ओठांवर तो जुना शब्द आलाच होता, तो त्याने गिळला. तिने खाली बघितलं, बोट सोडलं आणि गादीवर आली.

तिचा खालचा ओठ बाहेर आला, हसावं की रडावं हे तिचं ठरत नव्हतं, आणि ते ठरवायला तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. रंगाऱ्याला कळलं, आता आपल्या तोंडावर जे असेल तेच ही घेणार. तो हसला. पहिल्यांदा कसनुसा, मग मोकळा. आणि भिंगरी खिदळली. पुढे काय विचारता! ती पडते काय, चढते काय, आणि पडताना ‘पडले, पडले’ म्हणून ओरडते काय! शेवटी बायकोच म्हणाली, “पोरीला झोपवताय की घरात सर्कस काढताय?”

दमलेली भिंगरी माशांच्या चादरीवर आडवी झाली, ती बघता बघता झोपली. आबाही आपल्या खोलीत गेले. रंगारी आणि बायको स्वयंपाकघरात जेवायला बसले. पहिला घास तोंडाशी गेला असेल नसेल, आतून आवाज आला. धप्प!

रंगारी हातातला घास टाकून धावला आणि दाराशी कसाबसा थांबला. बाहेरच्या दिव्याचा उजेड आत तिरपा पडला होता. भिंगरी गादीवर बसली होती, केस तोंडावर, डोळे अर्धवट मिटलेले. तिने त्याला पाहिलं नव्हतं. आता आपण ‘अगं’ एवढं जरी म्हटलं तरी ही भोकाड पसरेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने चौकट धरली. धावत जाऊन तिला उचलून छातीशी धरावं म्हणून त्याचे हात शिवशिवत होते. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं, ना उंचावर, ना खाली.

भिंगरीने डोळे चोळले. इकडेतिकडे पाहिलं. मग चादर मुठीत धरली, एक गुडघा वर टाकला, घसरली, कण्हल्यासारखं काहीतरी पुटपुटली, पुन्हा गुडघा टाकला आणि स्वतःला वर ओढून घेतलं. उशी सापडेपर्यंत सरपटली आणि पालथी झोपून गेली.

बायको खरकट्या हाताने मागे येऊन उभी राहिली होती. “काय झालं?” तिने कुजबुजत विचारलं.

“काही नाही. पडली.”

“मग?”

“मग काय? चढली. आपली आपण,” रंगारी म्हणाला. चौकट त्याने अजून घट्ट धरलेलीच होती, आणि बायकोने त्यावरून त्याला अजिबात चिडवलं नाही.