आगाऊची गोळी

“महिन्यातून किती दिवस गोळी घेतेस?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

शीलानं मनात मोजलं. “सव्वीस. रविवारी दुकान बंद राह्यते.”

“रविवारी डोकं दुखत नाही?”

“दुखते ना. पण रविवारी निजून राह्यलं तरी चालते.”

मॅडमनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत टॉर्च मारली. उलट्या होतात का, धूसर दिसतं का, हातपाय बधिर पडतात का, विचारलं. सगळ्याला शीलानं नाही म्हटलं.

“गोळी घेतेस कधी? दुखायला लागल्यावर?”

“नाही, कामावर बसायच्या आधीच. फवारा कसा, कीड दिसायच्या आधीच मारतेत ना, तसं.”

“मग दोन वर्षांत कीड कमी झाली का?”

शीलानं आठवून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी अर्धी गोळी पुरायची. आता दोन लागत, आणि त्याही दुपारपर्यंतच.

“सुरुवातीला दुखणं खरंच तुझं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आता ते गोळीचं आहे. गोळी उतरली की डोकं तीच पुन्हा मागतं. बंद कर. पहिले दहा-बारा दिवस जास्त दुखेल, मग उतरेल. वेळेवर जेव, वेळेवर झोप. उलटी झाली किंवा काही वेगळंच वाटलं, तर तशीच इकडे ये.”

“दहा-बारा दिवस,” शीला एवढंच बोलली.

नोव्हेंबर लागला होता. फुलसावंगीत तिचा भाऊ संजय याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की कमी दाबाच्या विजेवर मोटरा जळत आणि दुकानाच्या दारात ओळीनं येऊन पडत. तार भरायचं काम शीलाचं. मोटरीच्या पोटात चोवीस खाचा, प्रत्येक खाचेतून तारेचे बेचाळीस वेढे, सगळे हातानं ओवायचे आणि तोंडानं मोजायचे. एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटर तापते आणि पुन्हा जळते. ‘शीलाच्या हातची मोटर परत येत नाही,’ असं लोक म्हणत. वेढे मोजताना चुकू नये, म्हणूनच ती आगाऊ गोळी घ्यायची.

संजयनं सगळं ऐकून घेतलं. “सीझन निपटू दे ना बाई. होळीनंतर बंद कर.”

“होळीनंतर भुईमुगवाले येतीन, भिया. मंग म्हणशीन, तेही निपटू दे.”

“मोबाइल पाहू पाहू झालं हे,” आई चुलीजवळून म्हणाली.

“माहा मोबाइल बटनाचा आहे, याडी. त्याच्यात काय पाहू?”

उरलेल्या गोळ्यांची पाकिटं शीलानं संजयच्या हातात दिली. त्यानं ती खिशात टाकली.

तिसऱ्या दिवशी दुखणं कपाळावरून मानेत उतरलं. पाचव्या दिवशी तिला जेवणाची चव लागेना. ती जेवली. रात्री नऊला पडायची आणि सकाळी उठायची. कसं आहे विचारलं तर ‘आहे’ म्हणायची.

सहाव्या दिवशी मारोतरावांची मोटर होती. ते स्वतः स्टुलावर बसून होते. एकोणिसाव्या खाचेत शीलाचा हात थांबला. तीस झाले की एकतीस? तिनं खाचेत बोट घालून चाचपलं. वेढे एकावर एक घट्ट बसले होते. ते मोजता येईनात. मागच्या खाचेचाही भरवसा वाटेना.

“काय झालं?” संजय जवळ आला.

“आकडा सुटला.”

“टाक एक जास्तीचा. कोन पाहून राह्यलं?” तो हळूच म्हणाला.

“सगळं काढा लागते.”

“पोरी, माहा गहू वाळून राह्यला!” मारोतराव उठून उभे राहिले. “सायंकाळी देतो म्हणे हा!”

संजयनं खिशातून एक पाकीट काढून तिच्यासमोर धरलं. शीलानं पाहिलं आणि पक्कड उचलून एकोणीसच्या एकोणीस खाचांतली तार ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा तिच्या जागेवर पुसदचा गोपाल बसला होता. चाळिशीचा, हाताला सफाई असलेला कारागीर.

“दहा-बारा दिवसासाठी,” संजय नजर न मिळवता म्हणाला.

शीला दाराजवळ पोत्यावर बसली. तिथं मोटरीतून जळकी तार ओढून काढायची असे. त्या कामात मोजायचं काही नव्हतं. ती रोज तेच करू लागली. गोपालच्या हातच्या मोटरा भराभर जाऊ लागल्या. गोळी सोडून दहा दिवस झाले, बारा झाले. जागेचा विषय संजयनं काढला नाही. तिनंही नाही.

पंधराव्या दिवशी दुपारी डोकं दुखत नव्हतं. केव्हा थांबलं, ते तिला कळलं नाही. पिठाची चक्की बंद पडल्यावर थोड्या वेळानं ध्यानात येतं, तसं झालं. संजयला सांगावं म्हणून तिनं मान वर केली. तो फोनवर होता.

“हो काकाजी, घेऊन या. गोपालभाऊच्या हातची देतो. पक्की.”

तिनं मान खाली घातली. गोपालचा मोजण्याचा सूर चालूच होता. “एकोणतीस... तीस... बत्तीस...”

“एकतीस राह्यला,” शीला म्हणाली.

गोपालचा हात थांबला. त्यानं त्या खाचेतले वेढे एकेक काढत मोजले. “हो,” तो म्हणाला. “एकतीसच झाले.”

फोन कानाशी तसाच धरून संजय तिच्याकडे पाहत होता. शीलानं पुढच्या खाचेत पक्कड घातली, पाय मोटरीला टेकवला आणि जळकी तार ओढली.