बाबांच्या झाडाची पट्टी

आमच्या वस्तीमागे जुन्या बस डेपोची जागा ओस पडली होती. कचरा आणि भटकी कुत्री सोडून तिथे काही नव्हतं. तिथे जंगल करायचं असं सगळ्यांनी ठरवलं. ठरवणारे ढीगभर आणि खड्डे खणणारे चार, हे नेहमीचंच. पण जंगल झालं, आणि मी कितीही नाक मुरडलं तरी छान झालं.

नियम एकच होता. प्रत्येक झाड गेलेल्या एखाद्या माणसाच्या नावाचं, आणि रोप काठीला बांधायची पट्टी त्याच माणसाच्या जुन्या कपड्याची. सुतळी कोवळ्या सालीला काचते, धुऊन मऊ झालेलं सुती कापड काचत नाही, एवढंच माळी म्हणाला होता. बाकीचं लोकांनी भावनेच्या भरात जोडलं. पट्ट्या फाडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण कोपऱ्यावरचं शिवणकामाचं दुकान माझं. लोक कपडा घेऊन यायचे, माझ्यासमोर रडायचे, आणि मी फाडायची.

खोड जरा जाड झालं की पट्ट्या सोडा, हेही माळ्याने बजावलं होतं. पण सोडायला कुणाचा हात धजेना. वस्तीच्या अध्यक्षांनी तर बायकोच्या झाडाला मिठी मारून सांगितलं, "एकदा सोडलंय तिला. पुन्हा नाही सोडणार." पट्ट्या तशाच राहिल्या.

बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट भावजयीने कपाटातून काढून दिला होता. छातीच्या घेरातून लांब पट्टी निघते म्हणून मी तिथून फाडली. झाड असं फोफावलं की शेजारची झाडं त्याच्यापुढे खुजी दिसायला लागली. बाबांना साजेसंच होतं ते. मला अभिमान वाटायचा.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ गप्प व्हायला लागला. त्याला सगळे बारक्या म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करतो आणि तोंडाचा पट्टा कधी बंद ठेवत नाही. निदान ठेवत नसे. आता तो कामावरून यायचा, बूट-मोजे काढायचा आणि उन्हाच्या तुकड्यात जाऊन उभा राहायचा. ऊन सरकलं की तोही सरकायचा. जेवण चिवडून ठेवायचा, पाणी मात्र तांब्याच्या तांब्या प्यायचा.

"थकलेत ते," भावजय म्हणायची. "सुट्टी घेतली की बरे होतील."

"सुट्टीने माणूस पाय पसरून झोपतो," मी म्हणाले. "हा उभ्यानेच झोपतोय."

एका दुपारी मी त्याच्याकडे बसले होते. खिडक्या घट्ट बंद होत्या. बाहेर जोराचा वारा सुटला, आणि बारक्या खुर्चीत बसल्या जागी डुलायला लागला. हलकेच, एका बाजूला, मग दुसऱ्या. बाहेरचा वारा पडला तसा तो थांबला. भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. भीती कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

कपडे त्याच्या अंगावर लोंबायला लागले होते. ते उसवून आत घ्यावेत म्हणून मी माप घ्यायला गेले. टेप छातीभोवती फिरवली आणि ती एका खाचेत जाऊन बसली. शर्ट वर केला तर छातीभोवती आडवा वळ होता, पट्टीएवढा रुंद. वरची आणि खालची कातडी त्याच्यावर चढत चालली होती. डॉक्टरांनी मलम दिलं. बारक्याचा श्वास मात्र दिवसेंदिवस वरच्या वर अडकायला लागला.

मग जंगलाचा वाढदिवस आला. दरवर्षी त्या दिवशी भाषणं होतात, मुलं नाचतात आणि नवी रोपं लावतात. बारक्या सकाळीच एकटा तिकडे निघून गेला होता. मी तयार होत होते तेवढ्यात भावजय धापा टाकत आली. तिच्या हातात निळ्या चौकड्यांचा अखंड शर्ट होता.

"यांना जुना शर्ट बसेल म्हणून काढला," ती म्हणाली. "खिसा बघा, ताई."

खिशावर विडीने जळाल्याचं बारीक भोक होतं. ते बाबांच्या शर्टाला होतं. एकाच ताग्यातून बापलेकांना एकसारखे शर्ट मीच शिवले होते. बारक्याचं पोट सुटल्यावर त्याचा शर्ट मागे पडला, आणि मागे पडलेला तोच शर्ट बाबांचा म्हणून माझ्याकडे आला होता. म्हणजे त्या झाडाला आम्ही जिवंत माणूस बांधला होता.

तिला चार शब्द सुनावायचे जिभेवर आले होते. तिचा चेहरा पाहिला आणि गिळले. दुकानातली कात्री, टाके उसवायचं हत्यार आणि बाबांचा शर्ट पिशवीत टाकला आणि आम्ही पळत सुटलो.

जंगलात फुगे लावले होते. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. बारक्या बाबांच्या झाडाजवळ अनवाणी उभा होता, ओल्या मातीत घोट्यांपर्यंत. डोळे उघडे होते, पण आमच्यावर ठरत नव्हते. झाडावर पट्टी कुठे दिसेना. सालीने ती गिळली होती. एका फटीतून निळा धागा तेवढा डोकावत होता.

"आता ती आतच राहणार," माळी म्हणाला. "काढायची तर खोड फाडावं लागेल. झाड मरेल."

"मरू दे," भावजय म्हणाली.

"आणि झाडाबरोबर हा गेला तर?" मी विचारलं. बारक्याचे ओठ तोवर काळेनिळे पडले होते.

मी गुडघ्यावर बसले. पक्की शिवण ओढून काढायची नसते, नाहीतर कापड जातं. एकेक टाका उचलायचा असतो. मी साल तशीच उचलत गेले. पहिल्या कापाला बारक्या कळवळला.

"ताई, दुखतंय."

माझा हात थांबला. कितीतरी दिवसांनी तो बोलला होता.

"थांबू नका ताई," भावजय म्हणाली. तिने त्याला मागून घट्ट धरलं होतं. "मी धरलंय त्यांना."

भाषण थांबलं. लोक भोवती जमले. "जंगलाच्या वाढदिवसाला झाड कापतेय," कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष धावत आले. त्यांनी बारक्याकडे पाहिलं आणि माझा हात न धरता तसेच मागे सरले. मी झाडाभोवती गुडघ्यांवर सरकत सालीखालून कापड मोकळं करत गेले. ते ओलं होतं, आणि सांगायला नको वाटतं, पण ते कोमट होतं. शेवटचं टोक अडकलं तेव्हा मी ते दातात धरून ओढलं.

बारक्याने श्वास घेतला. पोटापर्यंत भरून, लांब. मग तो खोकला आणि मातीत मटकन बसला. मी रडत होते आणि त्याला शिव्याही देत होते. भावजयीने त्याचे पाय मातीतून काढून पदराने पुसले. त्याने आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिलं. त्याला आम्ही दिसत होतो.

"इतके दिवस इथे मी होतो?" त्याने विचारलं.

"हो रे," मी म्हणाले. "चूक झाली."

त्याने झाडाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"मग बाबा कुठे होते?"

भावजयीने तोंडावर हात ठेवला. मी खांद्यावरच्या पिशवीला हात लावायला धजले नाही. आमच्या बाबांना बंद खोलीत जीव गुदमरल्यासारखा व्हायचा. लिफ्टमध्येसुद्धा ते कधी चढले नाहीत, पोटचा पोरगा लिफ्टवाला असून. आणि आम्ही त्यांना घडी घालून कपाटात ठेवलं होतं, वर कुलूप लावून.