रंगाचे सात हात

मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे प्रकाशाने अंधाराशी मांडलेला झगडा आहे आणि त्यात अखेर प्रकाशच जिंकतो, असं ड्रॉइंगमास्तरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी दुपारी दोन वाजता गॅरेजात, डोकं डॅशबोर्डाखाली आणि पाय सीटवर अशा अवस्थेत मांडलं आणि वर हात करून हेडलाइटचं बटण दाबलं. हेडलाइट लागले नाहीत. वायपर मात्र अर्धवट उठले आणि पुन्हा आडवे झाले.

"जिंकला का?" दारातून बायकोने विचारलं.

मास्तरांनी बटण पुन्हा दाबलं. महिनाभर हेच चाललं होतं. डावीकडे वळायचा दिवा लावला की हॉर्न कण्हायचा. ब्रेक दाबला की छतातला दिवा डोळा मारायचा. आणि किल्ली फिरवली की इंजिन एकदाच 'कट्' म्हणून रुसलेल्या व्याह्यासारखं तोंड फिरवून बसायचं. मास्तरांनी सगळ्या तारा बदलल्या, फ्यूज बदलले, बॅटरी दोनदा चार्ज करून आणली. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि पाच वाजता अक्का येणार होती.

गाडी वडिलांची. लहानपणी, वडील दुपारचे झोपले की अक्का दोन उशा घेऊन स्टिअरिंगमागे बसायची आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून गिअर टाकायला शिकवायची. मास्तर निवृत्त झाले तेव्हा गंजून गेलेली ती गाडी त्यांनी दुरुस्तीला काढली आणि म्हणाले, "अक्का, पुढच्या खेपेला तुला हिच्यातून फिरवतो." अशा बारा खेपा झाल्या. आता पुढची खेप नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची अक्का उद्या सकाळी कायमची मुलाकडे समुद्रापलीकडे चालली होती आणि मुलाने परतीचं तिकीट काढलं नव्हतं.

"करंटला बोलवा," बायको म्हणाली.

करंट म्हणजे शेजारच्या गल्लीतला म्हातारा वायरिंगवाला. मास्तरांचं त्याच्याशी पटत नसे. त्याने एकदा मास्तरांच्या निसर्गचित्रातल्या गाईला पाठीवर थाप मारून "छान म्हैस" म्हटलं होतं. पण अडला हरी. मास्तर स्वतः जाऊन त्याला घेऊन आले.

करंटने आणलं काय, तर दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब. त्याने दोन्ही तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. बल्ब लख्ख पेटला. मग एक तार तिथेच ठेवून दुसरी गाडीच्या पत्र्यावरच्या एका बोल्टला घासून धरली. बल्ब काजव्याएवढा मिणमिणला.

"रंग कुणी दिलाय?"

"मी," मास्तर म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांची मान जरा ताठ झाली. "सात हात. प्रत्येक हातानंतर घासून."

"सुरेख. बॅटरीची ही जाड पट्टी जिथे पत्र्याला बोल्टने आवळलीय, तिच्याखालीही दिलात?"

"अर्थात. दिसत नाही म्हणून काय झालं?"

करंटने बल्ब खिशात टाकला. "मास्तर, वीज तारेतून जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. तुम्ही तिच्या परतीच्या दारावर सात कुलपं लावलीत. मग ती बिचारी वायपरच्या घरातून, हॉर्नच्या घरातून, चोरवाटांनी घरी जाते. खरवडा तिथला रंग."

"किती?"

"तळहाताएवढा. पत्रा चमकेपर्यंत."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. बारा वर्षांत त्या रंगावर त्यांनी माशी बसू दिली नव्हती. घड्याळात चार वाजले होते.

"माणसाने प्रेम करावं," बायको म्हणाली आणि पॉलिश पेपर त्यांच्या हातात दिला, "पण कुठेतरी कोरी जागा ठेवावी. बत्तीस वर्षं सांगतेय."

मास्तरांनी खरवडलं. पहिला हात गेला, तिसरा गेला, पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं. ते धूळ गेल्यामुळे, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. पत्रा उघडा पडला. करंटने पट्टी आवळली. मास्तरांनी किल्ली फिरवली आणि इंजिन घसा खाकरून चालू झालं. हेडलाइट असे पेटले की समोरच्या भिंतीवरचं मांजर उठून गेलं.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. ते अक्कासमोर सुरू करायचं होतं. दिवे मात्र ठेवले. अक्काला कोपऱ्यावरूनच दिसायला हवेत.

"दिवे बंद करा," चहाला आत जाताना करंट म्हणाला. "जुनी बॅटरी आहे, महिनाभर छळलीय तिला."

"पाच मिनिटं," मास्तर म्हणाले.

अक्का साडेसातला आली. सामान बांधताना एक पेटी बंद होईना. मास्तर फाटकाशी उभे होते आणि मागे वळून पाहायची त्यांची छाती होत नव्हती, कारण सातच्या सुमारास हेडलाइटच्या उजेडात समोर पडलेली आपली सावली फिकट होत गेलेली त्यांनी पाहिली होती.

त्यांनी अक्काला गाडीपाशी नेलं, आत बसून किल्ली फिरवली. 'कट्'सुद्धा झालं नाही. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"बाळ्या, सरक," अक्का म्हणाली.

"अक्का, ती चालू..."

"तुला विचारलं का मी? सरक. वहिनी, दोन उशा आण गं."

उशा आल्या. अक्का स्टिअरिंगमागे बसली, आरसा नीट केला, गिअर सोडवला आणि एकही दिवा लागलेला नाही हे बघत म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत आणि परत. चला."

करंट चहाचा चौथा कप खाली ठेवून आला. तिघांनी मागून खांदा लावला. मास्तरांचे दोन्ही तळवे रंगाच्या सात हातांवर घट्ट उमटले, पण त्यांनी ते काढले नाहीत. गाडी कुरकुरत फाटकाबाहेर पडली. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. अक्काने डावीकडे वळताना खिडकीतून रुबाबात हात बाहेर काढला.

कोपरा जवळ आला तशी तिने मान बाहेर काढली.

"बाळ्या, जरा हळू ढकल रे. मला मळमळतं."