रानफूल आणि सचवि नकिम

किशोर कासारसाईचा, नोकरीला हिंजवडीत. त्याच्या कंपनीनं गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी एक प्लॅटफॉर्म तयार केला होता, आणि त्यातली मराठी कुठल्या डिफॉल्ट फॉन्टमध्ये दिसावी हे ठरवायचं काम किशोरच्या गळ्यात पडलं. डेअऱ्यांमधले कॉम्प्युटर जुने, त्यांवरची ऑपरेटिंग सिस्टीम त्याहून जुनी. किशोरनं तसलंच एक धूड मिळवून टेबलावर मांडलं, त्याच्याशी झटापट केली आणि सांगितलं, की सिस्टीमसोबत आलेला साधा फॉन्टच ठेवू. दिसायला सरकारी नोटिशीसारखा होता, पण वेलांटी जागच्या जागी आणि जोडाक्षर जोडलेलं.

विभागाचे प्रमुख दयानंद सर तो बघून कळवळले. "अरे, याच्याखाली फक्त तहसीलदाराची सही राहिलीये! अक्षरांना मातीचा वास हवा."

सर राहायला कोथरूडला. मातीशी त्यांचा संबंध बाल्कनीतल्या कुंड्यांपुरता, पण तिच्यावाचून त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे.

फॉन्ट निवडायला मुळशी धरणाच्या काठी एका रिसॉर्टमध्ये दिवसभराचं 'मंथन' ठेवलं गेलं. भिंतीवर एकेक फॉन्ट झळके आणि मंडळी भजी खात मतं देत. एका बाईंना 'ळ' रागावलेला वाटला. एका गृहस्थांना 'श'मध्ये आत्मविश्वासाची कमतरता दिसली. शेवटी 'रानफूल' नावाच्या फॉन्टवर सगळे भाळले. त्याच्या काना-मात्रांना देठ होते, वेलांट्यांना कळ्या. सरांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"सर, जुन्या सिस्टीमवर हा फुटतो," किशोर म्हणाला. "वेलांट्या सरकतात."

"किशोर, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? मग तूच असा कोरडा कसा रे?"

पगारवाढीची यादी सरांच्याच हातून जाणार होती. किशोरनं एक भजं तोंडात कोंबलं आणि विषय मिटला.

उद्‍घाटन पौडजवळच्या एका गावात ठरलं. किशोरची आत्या रंभाबाई त्याच गावात दिलेली, तिच्या दोन म्हशींचं दूध त्याच डेअरीला जाई. सरांनी नारळ फोडला, मातीवर चार वाक्यं बोलले, कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर देठाफुलांसकट अक्षरं उगवली: 'सचवि: कैलास नकिम'.

डेअरीचा सचिव कैलास निकम चष्मा पुसून पुन्हा वाचू लागला. "सायेब, आमी निकम हाये. ह्ये नकिम कोन?"

"पावनं आसतील!" मागून कुणीतरी ओरडलं आणि डेअरी हसण्यानं दणाणली. तेवढ्यात रंभाबाईला पडद्यावर 'म्हैस' सापडली. तिचा 'म' एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे पडली होती. "आगं बया, म्हस कापली की रं!"

सरांचा चेहरा पडला. "कॉम्प्युटर फार जुना आहे तुमचा. बदलून टाका."

"दुधाचा काटा ह्याच्याशीच बोलतोय," कैलास म्हणाला. "नव्याशी त्येचं जमत न्हाई."

परतताना गाडीत किशोर आतून खूश होता. आता सर साधा फॉन्ट लावायला सांगणार, एका ओळीचं काम! वाटेत भुकूम गाव आलं तेव्हा सर बोलले. "रानफूल ही आपली ओळख आहे. तिच्यात तडजोड नाही. जुन्या सिस्टीमवर डिफॉल्ट भाषाच इंग्रजी करून टाक."

"सर, त्यांना मराठीच वाचता येतं."

"म्हणूनच तर! मोडकी मराठी त्यांच्या माथी मारायची म्हणजे भाषेचा अपमान आहे."

किशोरनं निमूट ते केलं. पगारही थोडा वाढला.

डेअरीत आता पावत्या इंग्रजी, आकडेही इंग्रजी. बायांना त्या वाचता येईनात. मग कैलास रोज सकाळी रांगेसमोर उभा राहून नाव, लिटर आणि फॅट मोठ्यानं वाचू लागला. आजवर कुणाच्या दुधात किती पाणी हे ज्याचं त्याला ठाऊक असे. आता ते चव्हाट्यावर आलं. रंभाबाईची फॅट ऐकून शेजारीण म्हणाली, "काय गं, म्हस धरनात हुबी करून पिळती का?" त्यावरून जी जुंपली, ती सोडवायला सरपंच यावे लागले.

दिवाळीत किशोर आत्याकडे गेला, तर ती वाट बघतच बसली होती.

"कंपनीत तुला पगार कशाचा द्येत्यात रं?"

"फॉन्टचा, आत्या."

"मंग त्यो फॉन घाल चुलीत. लई आब्रू घालवलीस माजी."

"डेअरी सोडलीस काय?"

"कवाच! भुकूमच्या नव्या बिल्डिंगीत घालतोय आता दूध. डेअरीपरीस दुप्पट भाव. गावरान म्हनलं की डोळं झाकून घ्येत्यात, काटा न्हाई का फाटा न्हाई."

"आणि पाणी?"

आत्यानं पदर सावरला. "जिना चडून चडून जीव जातोय, त्येचं काय न्हाई व्हय? बस, च्या टाकते."

"बिनदुधाचा टाक," किशोर म्हणाला.