उंदरांचे कान

दर्शना खरातचा दिवस अण्णांच्या पायापासून सुरू व्हायचा. चहासुद्धा त्यानंतर. आधी साबणाने हात धुवायचे, पलंगाशी स्टूल ओढायचं, अण्णांचा उजवा पाय मांडीवर घ्यायचा आणि कालची पट्टी सलाइनने भिजवून हळूहळू सोडवायची. अंगठ्याखाली जखम होती. कडा पांढुरक्या, मधे ओल. दुखत मात्र नव्हती, आणि तेच तिचं सगळ्यात वाईट होतं.

कुंडलिक खरातांनी उभी हयात बेस्टच्या बस चालवल्या. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत ते नवे पांढरे बूट घालून घाटकोपरभर चालले. फोड आला, फुटला, मोजा रक्ताने भिजला. घरी येऊन बूट काढेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. पायाची जाणीव कधीच गेली होती. शुगर आहे हे त्या फोडानंतर कळलं. घरात रक्तवाहिन्यांवर वाचणारी, लिहिणारी मुलगी असून.

"काय म्हनतीय?" अण्णा विचारायचे. इतकी वर्षं मुंबईत काढूनही त्यांच्या जिभेवरचं जालना उतरलं नव्हतं.

"कालच्यासारखीच आहे."

"मग नीट आवळून बांध. काल सुटली व्हती."

"आवळायची नसते, अण्णा. रक्त पोचलं पाहिजे तिथं."

हे वाक्य ती रोज म्हणायची, आणि मग डबा भरून मेट्रोने मरोळला जायची. तिथल्या संस्थेत तिचं आयुष्य नेमक्या उलट कामात गेलं होतं: रक्त पोचू न देण्याच्या.

कॅन्सरची गाठ वाढायला लागली की ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटवून घेते. चोरून नळजोडणी घ्यावी तशी. दर्शनाचं औषध ती जोडणी तोडायचं. ह्या कामात ती कुठल्या दुःखाने वगैरे आली नव्हती. पीएच.डी.ला जागा तिथे होती, म्हणून आली. मग एक रेणू, त्याचा दुसरा अवतार, तिसरा. कुणी पाण्यात विरघळेना, कुणी यकृत बिघडवी. ऐन चाळिशी कशी उलटली ते कळलं नाही. आई, शकुबाई, कोविडमध्ये गेली तेव्हासुद्धा दर्शना तेराव्या नाही तर चौदाव्या रेणूत अडकलेली होती. शेवटी एकाने तिला हात दिला. उंदरांच्या गाठी आक्रसल्या. संस्थेचे प्रमुख चंद्रप्रकाश सर, जे सहसा कुणाचं कौतुक करत नसत, त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. एक औषध कंपनी भागीदार झाली. पुढच्या वर्षी माणसांवर चाचणी सुरू करायची असं ठरलं.

त्याआधी दर्शनाने एक जादा प्रयोग मागून घेतला. आपल्याकडे कॅन्सरच्या कितीतरी पेशंटना शुगर असतेच, तेव्हा मधुमेही उंदरांवरही औषध देऊन बघू, एवढंच तिचं म्हणणं. सरांनी मान हलवली. जाता जाता होणारं काम होतं.

मधुमेही उंदीर सांभाळणं म्हणजे वैताग. ते सारखे पाणी पितात, पिंजऱ्यातला भुसा सारखा ओला. दर्शनाची विद्यार्थिनी रुचिरा बोरिवलीहून यायची आणि आल्या आल्या भुसा बदलायला लागायची. तिचं थीसिस संपत आलं होतं. गाठी ह्या उंदरांतही आक्रसत होत्या, त्यामुळे ती खुशीत होती.

त्या दिवशी दर्शना गाठी मोजत होती. उंदीर ओळखता यावेत म्हणून त्यांच्या कानाला बारीक भोक पाडतात, कुणाच्या डाव्या, कुणाच्या उजव्या. चार दिवसांत त्या भोकाची कड वाळून जाते आणि पुढे कुणी तिकडे बघत नाही. दर्शनाने हातातल्या उंदराचा कान बघितला आणि तिचा हात थांबला. कड पांढुरकी, मधे ओल. हे तिने सकाळीच पाहिलं होतं. मांडीवर घेऊन पाहिलं होतं.

तिने दुसरा उंदीर उचलला. मग तिसरा. औषध न दिलेल्या मधुमेही उंदरांचे कान उशिरा का होईना, वाळले होते. औषध दिलेल्या, पण मधुमेह नसलेल्या उंदरांचेही. मधुमेह आणि औषध एकत्र आले होते तिथे मात्र भोकं मोठी झाली होती, कडा काळ्या पडल्या होत्या.

"रुचिरा, हे कान बघितलेस?"

"मॅम, कान कोण बघतं?" रुचिरा हसत म्हणाली. मग जवळ आली, बघितलं, आणि तिचं हसू मावळलं.

"पुन्हा करावं लागेल," दर्शना म्हणाली. "नवे उंदीर. ह्या वेळी कानच मोजायचे."

"आणि माझं थीसिस?"

"थांबेल थोडं."

"मॅम, आधीच किती थांबलंय! घरी रोज विचारतात, कधी संपणार, कधी संपणार. गाठ कमी होते हे खरंय ना? मग?"

दर्शनाने हातातला उंदीर पिंजऱ्यात ठेवला. ती फक्त म्हणाली, "उद्या ऑर्डर देऊ." पुढचे कित्येक आठवडे रुचिरा कामापुरतंच बोलली. प्रयोग मात्र तिने चोख केला. निकाल तोच आला.

चंद्रप्रकाश सरांनी फोटो एकेक करून बघितले. बराच वेळ बघितले.

"दर्शना, हे तू मला आत्ता का दाखवतेयस?"

"आत्ता दिसलं, सर."

"ठीक आहे. डायबेटिसवाल्यांना चाचणीतून वगळू. नियमावलीत एक ओळ टाकायची, झालं."

"ज्यांना शुगर आहे हे माहीतच नाही, त्यांचं काय?"

"त्यांची टेस्ट करतीलच की."

"चाचणीत करतील, सर. पुढे औषध बाजारात गेल्यावर? सांगली-परभणीच्या डॉक्टरकडे जो पेशंट येईल, त्याचे पाय कोण बघणार आहे? माझ्या वडिलांचे मी बघितले नव्हते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेही दमलेले दिसत होते. मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि जाताना हे एक औषध मागे ठेवून जायचं होतं त्यांना. त्यात वावगं काही नव्हतं.

"कंपनीला सांगितलंस तर ते काय करतील, कल्पना आहे?"

"आहे."

"आणि तरी?"

"लपवून काय करू, सर? झोप तशीही येत नाही."

कंपनीची माणसं आली त्या सकाळी अण्णांचा पाय घोट्यापर्यंत लाल दिसत होता. दर्शनाने त्यांचा ताप बघितला. ताप नव्हता. संध्याकाळी हॉस्पिटलला जाऊ असं ठरवून ती मरोळला गेली.

मीटिंगमध्ये तिने आधी आक्रसलेल्या गाठी दाखवल्या. समोरचे खूश झाले. मग तिने कान दाखवले.

कंपनीचा एक तरुण, नम्र माणूस म्हणाला, "मॅडम, उंदरांच्या कानावरून एवढा निष्कर्ष काढणं थोडं घाईचं नाही का? अजून कुणी पडताळलंय?"

दर्शना बोलायला तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "मी पडताळलंय. रविवारी येऊन एकेक पिंजरा बघितला. ती म्हणतेय ते खरं आहे."

दर्शनाने चमकून त्यांच्याकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं. सर समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

कंपनीने कुठे आरडाओरड केली नाही. चहा घेतला, आभार मानले. महिन्याभराने कळवलं की त्यांचे अग्रक्रम बदलले आहेत. बस्स. एवढ्या वर्षांचं काम दोन सभ्य वाक्यांत पाण्यात गेलं.

पण ते महिन्याभराने. त्या संध्याकाळी दर्शना अण्णांना रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरने पाय दाबून बघितला आणि म्हणाला, "अंगठा वाचणार नाही, मॅडम. उशीर केला तर पाऊलही जाईल." दर्शनाने सही केली. तिला हे सगळं माहीत होतं, पानापानावर वाचलेलं होतं. तरी सही केलेला कागद देण्याआधी तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

ऑपरेशननंतर अण्णा दोन दिवस गुंगीतच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले.

"दर्शू, तुझं ते औषध हाय ना? ते नाही का चालत मला?"

"नाही, अण्णा. त्यानं पाय अजून बिघडला असता."

"म्हंजी?"

तिने सांगितलं. गाठीचं, नळजोडणीचं, कानांचं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग एवढी वर्सं केलंस काय तू?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. दर्शनाला वाटलं, आपल्यालाही कुठे नीट कळलंय. "शोधत होते," ती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. ती अजून काहीतरी सांगणार होती, पण ते घोरायला लागले होते. तिने चादर वर ओढली आणि भिंतीला डोकं टेकून तीही बसल्या जागी झोपली.

ते घरी आले, काठी घेऊन चालायला शिकले. मार्चमध्ये सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी औषधाचा विषय काढलाच नाही, जिन्यात मात्र दर्शनाला गाठून एवढंच म्हणाले, "कानांचं छापून टाक. माझं नाव शेवटी घाल." तिने पेपर लिहिला. एका बेताच्या नियतकालिकात तो आला आणि कुणी फारसा वाचला नाही.

मग एका दुपारी रुचिरा तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. थीसिस जमा झालं होतं, ती आता जाणार असंच दर्शना धरून चालली होती.

"मॅम, एक विचारू? शुगरवाल्यांच्या डोळ्यात पडद्यावर नको त्या वाहिन्या फुटतात ना? त्या फुटून रक्त येतं, दिसायचं बंद होतं. तिथे तर आपल्याला त्या थांबवायच्याच असतात."

"त्यावर औषधं आहेत, रुचिरा. सुया देतात डोळ्यात."

"आहेत. पण पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात, लोक मधेच सोडतात. आपलं जास्त टिकलं तर? आणि डोळ्यातच राहिलं, पायापर्यंत गेलंच नाही तर?"

दर्शनाच्याही मनात हे येऊन गेलं होतं. कंपनीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. पण तेव्हा तिने ते बाजूला सारलं होतं; पुन्हा परवानग्या, पुन्हा उंदीर, पुन्हा ओला भुसा. नुसत्या विचारानेच तिचे खांदे भरून आले होते.

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल," ती म्हणाली.

"माहितीय."

"आणि नाहीच झालं तर?"

"वाट लागेल," रुचिरा म्हणाली. "पण मी एक वर्ष थांबते. घरी सांगितलंय."

दर्शनाने हो म्हटलं नाही. आठवड्याची रजा टाकली आणि ती नुसती झोपली. दुपारी, सकाळी, जेवून, न जेवता. अण्णा काठी टेकत येऊन बघून जायचे. रजा संपली तेव्हा तिने मुलुंडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. पडद्याच्या आजारांचे ते जाणकार होते. "दवाखान्यातच या," ते म्हणाले, "गर्दी असते, थांबावं लागेल."

गर्दी होतीच. दर्शनाला एका म्हाताऱ्या बाईशेजारी जागा मिळाली. नऊवारी, हातात पिशवी, डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, त्यामुळे पापण्या मिटलेल्या.

"गो बाय, थय लाल दिव्यार कितवो नंबर इलो?" बाईने मालवणीत विचारलं. "माका काय एक दिसना नाय. थेंब घातल्यानी नि बसवन ठेवल्यानी."

"सतरावा चालू आहे, आजी. तुमचा?"

"माझो चोवीस. माका सांगशीत मा?"

"सांगते."

आजींनी आपलं नाव प्रेमा सांगितलं. शुगर जुनी. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्यात सुई घ्यायला आल्या होत्या. मागची चुकली, कारण घेऊन यायला कुणी नव्हतं. दर्शना ऐकत राहिली. मधे मधे दारावरच्या आकड्यांच्या दिव्याकडे बघून सांगत राहिली: अठरा. एकोणीस.

आतून कंपाउंडर आला. "डॉक्टर खरात कोण आहेत? सरांनी बोलावलंय."

दर्शना उठायला लागली. बाईचा हात चाचपडत तिच्या मनगटावर आला.

"गेलंस की काय गो?"

"नाही," दर्शना पुन्हा खाली बसली आणि कंपाउंडरला म्हणाली, "सरांना सांगा, मी थांबते. यांचा नंबर होऊ दे."