वरच्या बाजूचा बोर्ड

रेजिसला उतारावर ब्रेक दाबायची सवय होती आणि नॉर्बेरला त्यावरून त्याची खिल्ली उडवायची. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी दोघं मोंतारेल गावाच्या जुन्या वेशीतून बाहेर पडायचे, नदीकाठाने पुलापर्यंत जायचे आणि तिथून नऊ किलोमीटरचा घाट चढून पठारावर. चढावर कोणी बोलायचं नाही, बोलण्याइतका श्वासच उरायचा नाही. वर दगडी क्रूसापाशी बसून पाव आणि सुकं सॉसेज खायचं, मग त्याच रस्त्याने खाली. उतारावर नॉर्बेर पुढे आणि रेजिस मागे, हेही ठरलेलं. नॉर्बेरने उभं आयुष्य या डोंगरात टपाल वाटलं होतं. साठी उलटली तरी तो या घाटातून असा सुटायचा की बघणाऱ्याने डोळेच मिटावेत.

त्या भागातल्या सायकलवाल्यांत एक रीत आहे. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हाताने दाखवायचा, खडी दिसली की 'खडी' म्हणून ओरडायचं, आणि पुढे काय आहे हे कोणाला आधीच ठाऊक असेल तर त्याने निघण्यापूर्वी सांगायचं. भांडण असो, अबोला असो, सांगायचं म्हणजे सांगायचं. गावातले दोन सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात गेले होते, तेसुद्धा रविवारी एकमेकांना खड्डे दाखवत जायचे. कोर्टाचं कोर्टात, रस्त्याचं रस्त्यावर.

रेजिस गावाचा रस्तेवाला होता. कडेचं गवत कापायचं, गटारं मोकळी करायची, खड्डे बुजवायचे. गावात कोणी गेलं तर कबरही त्यानेच उघडायची, कारण तीनशे वस्तीच्या गावाला या कामासाठी दुसरा माणूस परवडत नाही. जिवंतांसाठी खड्डे बुजवणारा आणि मेलेल्यांसाठी खणणारा असा एकच इसम, आणि त्याला राहायला शाळेच्या मागची गावाच्या मालकीची दोन खोल्यांची जागा.

त्या आठवड्यात शुक्रवारी त्याने घाटात, वरून तिसऱ्या वळणावर, ओकच्या झाडीखाली डांबर ओतून बारीक खडी पसरली. ती दाबली जायला आठ दिवस तरी लागतात. तोवर दोन्ही बाजूंना बोर्ड हवेत, म्हणजे येणारा वेग कमी करतो. त्याने दोन्ही लावले. शनिवारी गावची जत्रा होती. पाहुण्यांच्या गाड्या पेतांकच्या, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या खेळाच्या, मैदानात घुसू लागल्या, तेव्हा जत्रेच्या मंडळींनी त्याच्याकडे एखादा बोर्ड मागितला, आडवा ठेवायला. रेजिसने मोटार काढली आणि वरच्या बाजूचा उचलून आणून दिला.

"वरून येतं कोण? शेळ्या, नाहीतर आम्ही दोघं," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

त्याच दुपारी चौकात झाडांखाली लांब टेबलं मांडून गावजेवण झालं. तिसऱ्या ग्लासानंतर नॉर्बेर रंगात आला. तो उभा राहिला आणि रेजिसच्या ब्रेकची गोष्ट सांगू लागला. ती सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली होती, पण या वेळी त्याने तिला शेपूट जोडलं.

"या गड्याचे ब्रेक टायरच्या आधी झिजतात. बिचारी नादीन उगाच नाही पळाली. घरातसुद्धा हा ब्रेक दाबूनच असायचा."

सगळं टेबल हसलं. नॉर्बेरची बायको सोलांज हसली आणि लगेच तिने तोंडावर रुमाल धरला. नादीन, रेजिसची बायको, सहा वर्षांपूर्वी निघून गेली होती आणि तिचं नाव इतक्या वर्षांत कोणी चौकात काढलं नव्हतं. रेजिसही हसला. न हसून सांगतो कोणाला. पण ते वाक्य रविवारी सकाळीही त्याच्या कानांतून गेलं नव्हतं.

रविवारी दोघं नेहमीसारखे निघाले. चढ झाला, पाव झाला, सॉसेज झालं. क्रूसापाशी बसून नॉर्बेर गुडघे चोळत होता.

"कालचं मनाला लावून घेतलंस वाटतं?" त्याने विचारलं.

"छे."

"मग तोंड का असं? चल, उठ. आज तरी बोटं ब्रेकवरून काढून बघ. मरत नाहीस."

रेजिसला खडी माहीत होती. त्यानेच टाकली होती. वर बोर्ड नाही हेही त्याला माहीत होतं, कारण तो त्यानेच काढला होता. "तिसऱ्या वळणावर जपून" एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्याच्या मनात आलं, घसरू दे एकदा. सोलू दे कोपर. उद्या चौकात मीही गोष्ट सांगेन. एवढंच आलं मनात, याहून वाईट काही नाही, हे तो पुढे स्वतःला हजार वेळा सांगणार होता. तो बुटाचा पट्टा आवळत खाली वाकला आणि गप्प बसला. नॉर्बेर निघाला.

पहिल्या वळणापर्यंत नॉर्बेरची पाठ दिसत होती. दुसऱ्यानंतर ती दिसेनाशी झाली. रेजिसने ब्रेक सोडले, आयुष्यात पहिल्यांदा, हाक पोचावी म्हणून. पण हाक मारायच्या आतच खालून पत्रा दगडावर आपटावा तसा आवाज आला.

तो वळणावर पोचला तेव्हा नॉर्बेर कडेच्या दगडी कठड्याला टेकून बसल्यासारखा पडला होता. डोक्याची एक बाजू लाल होती. हेल्मेट घरी, खुंटीला; तो ते कधीच घालायचा नाही. रेजिस येताना दिसताच नॉर्बेरने डावा हात उचलला, रस्त्याकडे बोट केलं आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाला, "खडी."

मग हात खाली पडला. रुग्णवाहिका पुलाच्या बाजूने वर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ रेजिसने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि त्यातला अर्धा वेळ तरी त्यात जीव उरला नव्हता.

सोमवारी सकाळी सरपंच मिरेई त्याच्या दारात उभी राहिली. तिने आत यायला नकार दिला. रविवारी पोलीस खालून आले, त्यांनी खालचा बोर्ड पाहिला आणि तिथूनच परत गेले, वळणाच्या वर कोणी गेलं नव्हतं.

"वरचा बोर्ड कुठेय?" तिने विचारलं.

"पेतांकच्या मैदानात."

मिरेईने डोळे मिटले. ती वाईट बाई नव्हती. तिचे गावावर उपकार होते. तिने शाळा बंद पडू दिली नव्हती.

"दोन वाजता ते पुन्हा येणार आहेत, मोजमाप करायला. जा आणि लाव."

"मिरेई, तो माझा..."

"माहीत आहे कोण होता. माझाही होता, मला तीस वर्षं पत्रं आणून दिलीत त्याने. आता त्याला आणता येणार आहे का परत? नाही ना. मग तू आणि मी तुरुंगात जाऊन गावाचं काय भलं होणार आहे? लाव म्हणते ना."

त्याने लावला. खुंट ठोकताना त्याचे हात सराईतपणे चालत होते, याची त्याला शिसारी आली. दोन वाजता पोलिसांनी फीत धरली, बोर्डाचं अंतर मोजलं, फोटो काढले. कागदावर आलं की दोन्ही बाजूंना सूचना होती, सायकलस्वाराचा वेग बेसुमार होता आणि डोक्याला संरक्षण नव्हतं. मंगळवारी तो कागद सोलांजच्या हातात पडला. संध्याकाळपर्यंत बेकरीच्या रांगेत सगळे मान हलवून म्हणत होते, नॉर्बेरच तो, असाच जायचा एक दिवस.

बुधवारी रेजिस नॉर्बेरच्या घराण्याची कबर उघडत होता. गावच्या चर्चमागे, तटाला लागून त्या सगळ्या जुन्या कबरी. वरचा दगड पहारीने सरकवायचा, आतली माती काढायची, कडा ओल्या सिमेंटने नीट करायच्या. निम्मं काम झालं होतं, तेवढ्यात सोलांज आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसली आणि बराच वेळ त्याचं काम बघत राहिली.

"उद्या तुमचे सायकलवाले क्लबचा शर्ट घालून येणार म्हणे," ती म्हणाली. "आणि त्यालाही तोच घालायचा म्हणतात. मी आणलाय. पण घालावासा वाटत नाही रे मला. दर रविवारी हेल्मेट खुंटीवरून काढून हातात द्यायचे, आणि दर रविवारी मी आत वळले की परत टांगून जायचा. बोर्ड होता. लिहिलंय कागदावर. बोर्ड वाचता येत नव्हता का त्याला? आयुष्यभर पत्ते वाचले ना?"

तिचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. रेजिसने थापी खाली ठेवली. तीन दिवस त्याला झोप नव्हती, तीन दिवस नॉर्बेरचा तो हात उचललेला दिसत होता. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"सोलांज, बोर्ड नव्हता."

तिने मान वर केली.

"वरचा नव्हता. शनिवारी मी काढून आणला, गाड्या अडवायला. सोमवारी पोलीस यायच्या आधी परत लावला. मी लावला, दुसऱ्या कोणी नाही." मिरेईचं नाव त्याने घेतलं नाही. "तू पोलिसांकडे जा. मी जे आहे ते सांगेन."

तटावरून कबुतरं उडाली. सोलांजने पिशवीतला शर्ट काढला, मांडीवर पसरला, पुन्हा घडी घातली. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, अशी त्याची अपेक्षा होती. मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"गाड्या अडवायला," ती शेवटी म्हणाली. "जत्रेसाठी. मीच पाहिला होता तो मैदानात. त्याच्याच पलीकडे मी टेबलं पुसत होते." तिने नाक पुसलं. "कोणाचंही होतं असं, रेजिस. वरून कोण येतं? मीही हेच म्हटलं असतं. मी नाही जाणार पोलिसांकडे. तुला घराबाहेर काढून मला काय मिळणार आहे?"

रेजिसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने जे कबूल केलं होतं ते माफ झालं होतं, आणि जे माफ होण्यासारखं नव्हतं ते अजून त्याच्या आतच होतं. त्याने तोंड उघडलं.

"शिवाय," सोलांज म्हणाली, "बोर्ड नसला म्हणून काय झालं? तू होतास ना. खडी तूच टाकलेली. तू सांगितलं असशीलच त्याला."

हा प्रश्न नव्हता. तिला तो प्रश्न वाटलाच नव्हता. त्या गावात कोणालाच वाटला नसता. ती त्याच्याकडे बघत होती, रडून सुजलेल्या, विश्वासाच्या डोळ्यांनी, आणि उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं.

"सांगितलं," रेजिस म्हणाला. "निघताना सांगितलं. मागून ओरडलोसुद्धा."

सोलांजने हळूहळू मान डोलावली. मग तिचा चेहरा असा बदलला की त्याला तो बघवेना. राग गेला होता, आणि त्या जागी काहीच आलं नव्हतं.

"म्हणजे माहीत असून गेला," ती म्हणाली. "तू सांगितलंस, आणि तरी गेला तसाच. चाळीस वर्षांचा संसार, आणि एका वळणावर ब्रेक लावावासा वाटला नाही त्याला माझ्यासाठी."

तिने शर्ट पिशवीत कोंबला आणि पिशवी त्याच्याजवळ जमिनीवर ठेवली. "हा तू घे. मला घरात नको. त्याला मी लग्नाच्या कोटात घालवते, आणि उद्या माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करू नका म्हणावं सगळ्यांना."

ती उठली. गेटपर्यंत वीस-पंचवीस पावलं होती आणि ती सावकाश चालत होती. एक हाक मारायला पुष्कळ वेळ होता. रेजिसने थापी उचलली, सिमेंट सुकत चाललं होतं त्यात थोडं पाणी घातलं, आणि ती गेटाबाहेर जाईपर्यंत कालवत राहिला.