जुने टॅपेट

मेहुण्याच्या ट्रकचं इंजिन खाली उतरवलं तेव्हा कॅमशाफ्टची इतकी वाईट दशा निघेल असं मोजपट्टी मेकॅनिकला वाटलं नव्हतं. बारापैकी दोन उंचवटे झिजून जवळजवळ गोल झाले होते आणि तिसऱ्यावर नख अडकेल एवढा चरा पडला होता. हा लांब दांडा फिरला की त्याचे अंड्यासारखे उंचवटे वरच्या टॅपेटना ढकलतात, टॅपेट पुढे व्हॉल्व्ह उघडतात आणि इंजिनाला श्वास मिळतो. उंचवटाच झिजला, तर चढावर ट्रकला धाप लागणार नाही तर काय होणार?

मोजपट्टी हे त्याचं खरं नाव नव्हे. पण त्या रस्त्यावरच्या चौदा गॅरेजांत त्याला दुसऱ्या नावाने कुणी ओळखतही नसे. मापाशिवाय तो नट फिरवायचा नाही. बायकोने चहात साखर घातली तरी हा आधी मायक्रोमीटर शोधतो, अशी थट्टा लोक त्याच्या तोंडावर करत, आणि तोही हसून घेई.

ट्रक बत्तीस वर्षांचा होता. तसलं इंजिन बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, स्वतःच ट्रक चालवायचा. टेकडीपलीकडे तलावाचा बांध उभा राहत होता, तिथे दगड पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. सोमवारी ट्रक खाणीवर उभा दिसला नाही तर त्याची पाळी दुसऱ्याला जाणार होती. हातात होते सहा दिवस.

पहिले दोन दिवस मोजपट्टी नुसता कॅमशाफ्ट शोधत हिंडला. भंगारवाल्याकडे एक मिळाला, तो दिसायला चकचकीत होता, पण ठोकळ्यांवर ठेवून फिरवला तर मधोमध वाकलेला निघाला. एका दुकानदाराने व्हॉल्व्हना जास्त उचल देणारा नवा कॅमशाफ्ट पुढे केला. हा टाका, ट्रक हत्तीसारखा ओढेल, असं तो सांगत होता. मेहुण्याचे डोळे चमकले. मोजपट्टीने त्याला बाहेर नेऊन समजावलं, की ही उचल पळणाऱ्या इंजिनाला ठीक, आपल्याला हळू आणि जोरात ओढायचंय, शिवाय व्हॉल्व्ह खाली येऊन पिस्टनला टेकला तर हत्तीचं गाढव व्हायला वेळ लागणार नाही. जुनाच दांडा झिजल्या जागी धातू भरून घासून घ्यावा, असंही एकदा त्याच्या मनात आलं, पण घासणाऱ्याकडे मूळ आकाराचा नमुना नव्हता.

शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला, अगदी मूळ मापाचा कोरा कॅमशाफ्ट सापडला. मोजपट्टीने तो बारा ठिकाणी मोजला. केसाचाही फरक नव्हता. आजूबाजूचे मेकॅनिक बघायला आले. निवड करावी तर यानेच, असं जो तो म्हणाला.

अडलं ते टॅपेटपाशी. नव्या कॅमशाफ्टवर टॅपेटही नवेच बसवायचे असतात. जुन्यांचं तोंड जुन्या उंचवट्याशी घासून तसंच झालेलं असतं, ते नव्याला खाऊन टाकतं. हे मोजपट्टीला पाठ होतं, कितीतरी जणांना त्यानेच ते शिकवलं होतं. पण नवे टॅपेट यायला दहा दिवस लागणार होते.

मेहुणा गॅरेजच्या पायरीवर बसला होता. त्याने आवाज चढवला नाही. पाळी गेली तर वर्षभर हात चोळत बसावं लागेल, एवढंच तो म्हणाला, आणि मग, "दादा, तुमच्या हाताला यश आहे. तुम्ही बसवलेलं कधी बिघडलंय?"

मोजपट्टीने जुने टॅपेट एकेक करून उजेडात धरले. चारांची तोंडं खोलगट झाली होती. नव्या टॅपेटच्या तोंडाला किंचित फुगवटा असतो, म्हणजे तो फिरत राहतो आणि एकाच जागी घासत नाही. तो फुगवटा त्या रस्त्यावरच्या कुठल्याच यंत्रावर निघण्यासारखा नव्हता. त्याने चारही सपाट घासून घेतले. सपाट म्हणजे बरोबर नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. बहिणीच्या घरचं काम आहे, महिनाभर चालेल, मग नवे टाकू, अशी त्याने मनाची समजूत घातली. मेहुण्याला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. टॅपेट घासून घेतलेत, काळजी नको, एवढंच म्हणाला.

रविवारी दुपारी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बहीणही आली होती. ती केबिनमध्ये चढून बसली, मेहुण्याने तिला रस्त्याच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. उतरताना ती हसत होती.

बाराव्या दिवशी मेहुणा जाता जाता गॅरेजवर थांबला. इंजिनात बारीक टिकटिक येतेय, बघता का, म्हणाला. मोजपट्टीने वरचं झाकण काढलं. पाचव्या व्हॉल्व्हची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली, फट वाढली होती. जी फट बारा दिवसांपूर्वी त्याने स्वतः बसवली होती, ती आपोआप वाढत नाही. खाली उंचवटा झिजतो तेव्हाच वाढते.  तिथल्या तिथे इंजिन उघडायला हवं होतं. पण बाहेर दगड भरलेला ट्रक उभा होता आणि मेहुण्याचा एक पाय केबिनच्या पायरीवर होता. मोजपट्टीने फट पुन्हा जुळवली. टिकटिक थांबली.

रविवारी ट्रक घेऊन या, उघडून बघू, असं तो म्हणाला. तोवर चालवू नका, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, टेकडीच्या चढावर इंजिनाने ओढणं सोडलं आणि ते बंद पडलं. मेहुणा एकटाच होता. त्याने हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावायला वाकला. हँडब्रेकने तेवढा भार पेलला नाही आणि ट्रक मागे त्याच्या अंगावर सरकला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने सगळं पाहिलं, पण तो धावत पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी चालकाची चूक असं लिहिलं. भरलेला ट्रक चढावर सोडून उतरलाच कशाला, असं गावभर बोललं जाऊ लागलं. सर्वांत जास्त बोलायची ती मेहुण्याची आई. तिचं दुःख रागाच्या वाटेने बाहेर पडत होतं. लहानपणापासून उतावळा, बायको नुसती बघत बसली, कधी चार शब्द सुनावले नाहीत, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. बहीण ऐकून घेई आणि भांडी घासत राही.

ट्रक ओढून गॅरेजच्या मागे आणून ठेवला होता. तीन आठवडे मोजपट्टी त्याच्याकडे फिरकला नाही. मग बहीण आली. ती अर्धी झाली होती. इंजिन का बंद पडलं ते मला कळायला हवं, तू उघडून बघ, म्हणाली. काय सापडणार ते त्याला उघडण्याआधीच माहीत होतं. तेलात चांदीसारखी बारीक पूड तरंगत होती. नव्या कॅमशाफ्टचे तीन उंचवटे पार गुळगुळीत झाले होते आणि त्या पुडीने बेअरिंगं खाल्ली होती. तीनही उंचवट्यांवर तेच सपाट घासलेले टॅपेट होते.

कॅमशाफ्टच खोटा निघाला, असं सांगता आलं असतं. म्हातारा दुकानदार भांडायला येणार नव्हता, आणि मोजपट्टीच्या मापावर कुणी शंकाही घेतली नसती. दोन दिवस तो त्या विचारावर बसून होता. जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक टॅपेट फडक्यात गुंडाळून तो बहिणीच्या घरी गेला.

स्वयंपाकघरात ती आणि तिची सासू दोघी होत्या. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, नव्या टॅपेटला दहा दिवस लागणार होते तिथपासून बाराव्या दिवसाच्या फटीपर्यंत. 

"तुला माहीत होतं?" बहिणीने विचारलं.

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं असतं तर ते थांबले असते."

बहिणीने टॅपेट हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि ओट्यावर ठेवला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला.

 महिनाभर म्हातारीने मेलेल्या पोराला आणि जिवंत सुनेला बोल लावले होते, ते सगळे आता तिच्याकडेच परत आले असावेत. ती भिंतीला धरून उठली आणि तिने पेलाभर पाणी आणून त्याच्यासमोर धरलं.

"पाणी पी आणि जा," ती म्हणाली. "ती बोलावील तेव्हा ये. नाही बोलावलं तर येऊ नकोस."

"बरं, मावशी," तो म्हणाला.

तिथून तो थेट चौकशीच्या कचेरीत गेला आणि आपला जबाब लिहून देऊन आला. बातमी रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही. काहींनी तोंडावर सुनावलं. काही म्हणाले, असं तर आपण सगळेच करतो, हा उगाच सुळावर चढला. ते त्याला जास्त लागलं.

बहिणीने ट्रक दुसऱ्या मेकॅनिककडे नेला. तो मोजपट्टीच्याच हाताखाली शिकलेला. एकदा तो दबकत विचारायला आला, की कॅमशाफ्ट कुठला घालू. मोजपट्टीने त्याला म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर तेव्हाच दिसलेला, त्याच मापाचा दुसरा दांडा सांगितला आणि बजावलं, नवे टॅपेट आल्याशिवाय इंजिन जोडायचं नाही, मालकीणबाईंनी घाई केली तरी नाही.

बाईंनी घाई केली नाही, असं तो शिष्य नंतर सांगत होता. नवे टॅपेट सतरा दिवसांनी आले. तोवर त्या रोज सकाळी येऊन विचारून जात, आले का, आणि नाही म्हटलं की परत जात. पुढे त्यांनी एक चालक ठेवला. वर्षभराने ट्रक लांबच्या गावी विकून टाकला.

मोजपट्टी अजून काम करतो. बहिणीचं बोलावणं अजून आलेलं नाही. म्हातारी मात्र बाजारात कधी भेटली तर थांबते, तुझी बहीण जेवते-खाते एवढं सांगते, आणि पुढे जाते.